पोरांच्या फोनमधलं उद्याचं इंटरनेट: ते कसं ओळखावं, त्याला वळण कसं लावावं

रोज सकाळी मावशी-काकू व्हॉट्सॲपच्या स्टेटसला सुविचार ठेवतात आणि चोवीस तासांनी तो आपोआप जातो. ही सोय मुळात अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजच्या पोरांमुळे आली. २०११ मध्ये सुरू झालेल्या स्नॅपचॅटवर पाठवलेला फोटो बघितला की नाहीसा व्हायचा, आणि मागे काही उरत नाही म्हणूनच पोरांना तो आवडला. ऑक्टोबर २०१३ मध्ये स्नॅपचॅटने चोवीस तासांची ‘स्टोरी’ आणली. ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने ती तशीच्या तशी उचलली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ती व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये आली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची सवय साठीतल्या मंडळींपर्यंत पोहोचायला चार वर्षंही लागली नाहीत.

फेसबुकचंही तसंच झालं. फेब्रुवारी २००४ मध्ये ते हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी निघालं, सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांना खुलं झालं आणि सप्टेंबर २००६ पासून तेरा वर्षांवरच्या कोणालाही. आपल्याकडचं ताजं उदाहरण छोट्या व्हिडिओंचं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातूनच सुरू केली. ॲप गेलं, सवय राहिली. आज एसटीत शेजारी बसलेले आजोबाही अंगठ्याने रील सरकवताना दिसतात.

म्हणून हा लेख आईवडील, मामा-आत्या आणि शिक्षक यांच्यासाठी. मुलांच्या सवयींकडे आपण बहुधा तक्रार म्हणूनच बघतो. माझ्या मते त्या सवयी म्हणजे आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये लवकरच येणाऱ्या गोष्टींची आगाऊ बातमी असते. ती वेळेत वाचली तर आपणही तयार राहतो आणि मुलालाही चांगलं वळण लावता येतं. ते कसं करायचं, ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: आठवडाभर नुसतं बघा

पहिला आठवडा उपदेश बंद. मुलाला सरळ सांगा, “तू फोन कसा वापरतोस ते मला समजून घ्यायचंय, रागवायचं नाही.” चोरून फोन तपासू नका. एकदा तसं सापडलात की पुढच्या सगळ्या पायऱ्या बंद झाल्या म्हणून समजा.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं, आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’. ते पान मुलासोबत उघडा आणि आपल्याही फोनमधलं त्याला दाखवा. एकूण किती तास, या आकड्यावर अडकू नका. फोन दिवसातून किती वेळा उघडला, सगळ्यात जास्त नोटिफिकेशन कुठल्या ॲपच्या आल्या आणि रात्री दहानंतर काय चाललं होतं, हे बघा. दोन तास सलग गणिताचे व्हिडिओ बघणं आणि दर पाच मिनिटांनी फोन उचलणं यात एकूण तास कदाचित सारखेच भरतील, पण पहिल्यात अभ्यास होतो आणि दुसऱ्यात डोकं कशावरच टिकत नाही.

फोन कोणाचा आहे, हेही लिहून ठेवा. प्रथम संस्थेच्या ‘असर २०२३’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींशी बोलून माहिती घेतली होती. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हेच प्रमाण १९.८ टक्के. म्हणजे बहुतेक मुली बाबांच्या, आईच्या नाहीतर दादाच्या फोनवर नेट शिकतात. फोन सामायिक असला की सवयी वेगळ्या पडतात: मागचा शोध पुसायचा, लॉगआउट करून द्यायचं, मेसेज वाचला की डिलीट. तुमच्या घरी असं असेल तर मुलीची सवय ‘लपवाछपवी’ ठरवण्याआधी तिला नेटवर स्वतःची अशी जागाच नाही, हे लक्षात घ्या.

कुठली सवय टिकेल आणि कुठली दोन वर्षांत विरेल, हे ओळखायला माझी एक साधी कसोटी आहे. ती सवय कष्ट वाचवते का, किंवा संकोच वाचवते का? व्हॉइस नोट टाइप करण्याचे कष्ट वाचवते, नाहीशी होणारी स्टोरी संकोच वाचवते. दोन्ही टिकल्या. नुसती नवलाई असलेली फिल्टर-चॅलेंज येतात आणि जातात, त्यांच्यावर घरात भांडण करण्यात अर्थ नाही.

पायरी २: शेजारी बसून एक गोष्ट शोधायला लावा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुलाला एक खरं काम द्या. समजा शनिवारी कोल्हापूरला जायचंय आणि चौघांना जेवायचंय, तर ठिकाण शोध म्हणावं. आपण शेजारी बसायचं, बोलायचं नाही. बहुतेकदा ते असं होतं: पोरगी गुगल उघडतच नाही. इन्स्टाग्रामवर ‘कोल्हापूर फूड’ असं काहीतरी अर्धवट टाकते, चार-पाच रील भराभर सरकवते, एकावर थांबते. ताटाचा व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघते आणि लगेच कमेंटमध्ये शिरते, कारण दर किती, रांग किती आणि ‘आता चव राहिली नाही’ हे सगळं तिथेच मिळतं. नाव पक्कं झाल्यावर मॅप्स फक्त रस्त्यासाठी. दोन-तीन मिनिटांत काम संपतं आणि वेबसाइट नावाचा प्रकार वाटेत कुठेच लागत नाही.

हे फक्त आपल्याच पोरांचं नाही. गुगलचे वरिष्ठ अधिकारी प्रभाकर राघवन यांनी जुलै २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की कंपनीच्या पाहणीनुसार जेवायची जागा शोधताना जवळपास ४० टक्के तरुण गुगल सर्च किंवा मॅप्सकडे न जाता टिकटॉक किंवा इन्स्टाग्रामकडे जातात. त्यानंतर गुगलच्या निकालांतही छोटे व्हिडिओ वाढत गेले. तुमची खाणावळ, क्लास किंवा होम-स्टे असेल तर यातून एक काम लगेच करा: अर्ध्या मिनिटाचा साधा व्हिडिओ टाका आणि त्यात दर, वेळ आणि सुट्टीचा वार स्पष्ट सांगा.

मुलाचा शोध संपला की मग बोला. तीनच प्रश्न विचारा. हे कोण सांगतंय? त्याला सांगायचे पैसे मिळालेत का? हे कधीचं आहे? दुसऱ्या प्रश्नासाठी व्हिडिओवर ‘पेड पार्टनरशिप’ किंवा ‘ॲड’ असं लिहिलंय का ते शोधायला शिकवा. जाहिरात क्षेत्राच्या ‘आस्की’ या संस्थेने २०२१ पासून इन्फ्लुएन्सरना असं लेबल लावायला सांगितलं आहे, तरी सगळे लावत नाहीत. लेबल नसेल तर त्याच माणसाचे आधीचे दहा व्हिडिओ बघायचे. प्रत्येक ठिकाण ‘महाराष्ट्रात नंबर वन’ असेल तर उत्तर मिळालंच.

जेवणाच्या बाबतीत चूक झाली तर फार तर एक जेवण वाया जातं. पण पोरं त्याच पद्धतीने मुरुमांवरचं औषध, जिमची पावडर, शेअर बाजार आणि दहावीनंतरचा प्रवेशही शोधतात. म्हणून हा सराव आधी जेवणावर करून घ्या आणि नंतर एकदा औषधावर. तिथे चौथा प्रश्न वाढवा: हा माणूस डॉक्टर आहे का, आणि तसं त्याने कुठे दाखवलंय?

पायरी ३: फीड कोण निवडतं, ते प्रत्यक्ष दाखवा

आपण मोठे झालो तेव्हा आपण चॅनेल निवडायचो. मुलांसमोर येणारा पुढचा व्हिडिओ ॲप निवडतं, आणि त्यासाठी लाइकपेक्षा मूल कुठे किती सेकंद थांबलं यावर जास्त भर असतो. ही पद्धत आता बातम्या, गाणी, खरेदी सगळीकडे पसरली आहे.

रविवारी अर्धा तास काढा. घरातल्या दोघांनी आपापल्या फोनवर इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब उघडून पहिले वीस व्हिडिओ कशाचे आले ते कागदावर लिहा आणि कागदांची अदलाबदल करा. वडिलांच्या कागदावर राजकारणातली भांडणं आणि गुडघेदुखीचे उपाय, पोराच्या कागदावर क्रिकेट, गेम आणि ‘पोटावरची चरबी दहा दिवसांत’, असं काहीसं निघेल. मग मुलाला विचारा, “यातलं तू स्वतः काय मागितलं होतंस?”

त्यानंतर नको त्या व्हिडिओवर ‘रस नाही’ दाबायचं. इन्स्टाग्रामवर सुचवलेल्या गोष्टी पूर्ण पुसून नव्याने सुरू करायची सोयही आहे. यूट्यूबवर ‘वॉच हिस्ट्री’ पुसली की शिफारशी बदलतात. मुलालाच हे करू द्या. चार दिवसांनी फीड खरंच बदललेलं दिसतं, तेव्हा ही यंत्रणा आपण शिकवली तसं शिकते, हे त्याला आपोआप कळतं. शाळेत संगणकाच्या तासाला हा प्रयोग जरूर करावा.

पायरी ४: बंद ग्रुपमधलं बोलणं

किशोरवयीन मुलं आता सगळ्यांसमोर कमी आणि निवडक लोकांत जास्त बोलतात. नातेवाइकांना दिसणारं एक अकाउंट, मित्रांसाठी दुसरं, ‘क्लोज फ्रेंड्स’ची यादी, वर्गाचा शिक्षकांशिवायचा ग्रुप, गेममधलं बोलणं, डिस्कॉर्डसारखं ग्रुप-गप्पांचं ॲप. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीनुसार २०१४-१५ मध्ये ७१ टक्के किशोरवयीन मुलं फेसबुक वापरत होती, २०२४ मध्ये ३२ टक्के. मोठी माणसं आली की मुलं दुसरीकडे सरकतात. दुसरं अकाउंट सापडलं म्हणजे पोरगं बिघडलं, असं समजू नका. आपणही ऑफिसच्या ग्रुपवर आणि भावंडांच्या ग्रुपवर सारखं बोलत नाही.

धोका मात्र याच बंद जागांमध्ये आहे आणि तो मुलाला स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. अनोळखी माणूस गेममध्ये किंवा इन्स्टाग्रामवर गोड बोलतो आणि लवकरच म्हणतो, “चल, दुसऱ्या ॲपवर बोलू.” मग फोटो मागतो. फोटो गेला की धमकी: पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो. याला मुलगेही बळी पडतात, हे पालकांनी विसरू नये. आणि आता एआयने साध्या फोटोवरूनही अश्लील फोटो बनवता येतो, त्यामुळे ‘मी काही पाठवलंच नव्हतं’ म्हणणारं मूल खरं बोलत असण्याची शक्यता असते.

असं घडलं तर काय करायचं, हे घडण्याआधी ठरवून ठेवा:

पैसे द्यायचे नाहीत. दिले की मागणी वाढते.
चॅट डिलीट करायचं नाही. प्रोफाइलचं नाव, मेसेज, पैशांसाठी दिलेला नंबर किंवा यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे. अश्लील फोटो मात्र कोणालाही पुढे पाठवायचा नाही, मदत मागतानासुद्धा. मग ब्लॉक करायचं.
आर्थिक फसवणूक असेल तर १९३० ला लगेच फोन करायचा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.
अठरा वर्षांखालच्या मुलांचे असे फोटो काढून टाकायला ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो अपलोड करावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा बनतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो शोधून हटवतात.

या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट आहे. मुलाला आज, आत्ता सांगा: “काहीही झालं तरी पहिल्यांदा मला सांग. मी फोन काढून घेणार नाही.” फोन जाईल आणि मार पडेल या भीतीने मूल गप्प राहतं आणि धमकावणारा नेमका त्याच गप्प राहण्यावर जगतो. हा शब्द दिलात तर पाळा.

पायरी ५: एआयशी बोलणं

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. प्यूच्या पाहणीत शाळेच्या कामासाठी ते वापरणारी अमेरिकी मुलं २०२३ मध्ये १३ टक्के होती, पुढच्याच वर्षी २६ टक्के. याहून लक्ष द्यावं अशी दुसरी गोष्ट आहे. ‘कॉमन सेन्स मीडिया’च्या २०२५ च्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकी किशोरवयीनांनी सोबत करणारं, मित्रासारखं बोलणारं एआय कधी ना कधी वापरलं होतं. माझ्या कसोटीला ही सवय पुरेपूर उतरते. कष्टही वाचतात आणि संकोचही, कारण मशीन हसत नाही आणि घरी सांगत नाही. म्हणून ही टिकणार, आपल्यापर्यंतही येणार. धोके पुढे आल्यावर असं मित्रासारखं बोलणारं एआय चालवणाऱ्या ‘कॅरेक्टर डॉट एआय’ या कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये अठरा वर्षांखालच्यांसाठी मोकळ्या गप्पा बंद केल्या. बाकी असंख्य ॲप मात्र खुली आहेत.

घरी दोन प्रयोग करा. पहिला: एआयला आपल्याच गावाबद्दल विचारा. ग्रामदैवताची यात्रा कुठल्या महिन्यात, पालखी कुठून निघते, तळं कोणी बांधलं. उत्तर शुद्ध, आत्मविश्वासाचं आणि बऱ्याचदा चुकीचं येतं. मुलाला खरं उत्तर माहीत असतं, त्यामुळे त्याला चूक स्वतः पकडता येते, आणि मग ‘जे मला माहीत नाही त्यातही हे असंच चुकत असेल’ हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा अभ्यासाचा. गणित आधी वहीत सोडवायचं, मग एआयला दाखवून विचारायचं, “माझी चूक कुठल्या ओळीत आहे ते सांग, उत्तर सांगू नकोस.” निबंधालाही तेच: मसुदा स्वतःचा, शंका एआयला. शिक्षकांनी गृहपाठात एआयवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा पहिला मसुदा वर्गात लिहून घ्यावा.

आणि अधूनमधून सहज विचारा, “मनातलं त्याच्याशी बोलतेस का?” उत्तर ‘हो’ आलं तर दचकू नका. कशाबद्दल बोलते, हे ऐकून घ्या. जे ती तिथे बोलते ते घरात कोणाशी बोलता येईल का, हा प्रश्न आपल्यासाठी आहे.

पायरी ६: पैसे

यावर थोडक्यात. यूपीआय सर्कलमध्ये पालक आपल्या खात्यातून मुलाला मर्यादित खर्चाची परवानगी देऊ शकतात. प्रत्येक व्यवहाराला संमती आपली, असा पर्याय निवडता येतो. सुरुवात त्यानेच करा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. पण गेममधली नाणी, कपडे, हत्यारं विकत घेणं चालूच आहे, त्यामुळे प्ले स्टोअरला जोडलेलं कार्ड काढा किंवा प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा.

पायरी ७: घरचा करार

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, मोबाइल आणि टीव्ही बंद होतात, साडेआठला दुसरा भोंगा. तेवढा दीड तास मुलं अभ्यास करतात. यातलं खरं बळ असं की गावाने मिळून ठरवलं आणि मोठ्यांनीही फोन ठेवला. एकट्या मुलावर लादलेला नियम दोन दिवसही टिकत नाही.

घरी तीन-चारच नियम करा आणि ते सगळ्यांना लागू ठेवा. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला, बाबांचासुद्धा. जेवताना फोन नाही. मुलाचा फोटो टाकण्याआधी मुलाला विचारायचं. इन्स्टाग्राम वापरायचंच असेल तर वय खरं टाकायचं, कारण तरच ‘टीन अकाउंट’ लागू होतं. भारतात हे फेब्रुवारी २०२५ पासून आहे: अकाउंट आपोआप खाजगी राहतं, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प राहतात आणि सोळाखालच्या मुलाला हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. जन्मसाल वाढवून टाकलं की हे सगळं संरक्षण जातं.

कायदाही बदलतो आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना बड्या सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला मनाई केली. त्यात व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्ड नाहीत, म्हणजे चौथ्या पायरीतल्या बंद जागा तशाच उघड्या राहिल्या. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि मुलांच्या वागण्याचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. संमती मागणारा संदेश आपल्या फोनवर आला की न वाचता ‘ओके’ दाबू नका. मुलाला शेजारी बसवून वाचा, हे ॲप नेमकं काय मागतंय ते त्याच्याकडूनच समजून घ्या.

पायरी ८: मुलाला काहीतरी घडवायला लावा

मुलं नुसती बघत राहिली तर उद्याचं मराठी इंटरनेट दुसरेच कोणी घडवतील. गावाबद्दल एआय चुकलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे गावाबद्दल मराठीत नेटवर लिहिलेलंच फार थोडं आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे, तरी असंख्य गावांची पानं दोन ओळींची आहेत.

सुट्टीत मुलासोबत बसून आपल्या गावाचं पान उघडा. वरचं ‘संपादन’ दाबा. आधी छोटी दुरुस्ती करा, अंतर किंवा तालुका चुकला असेल तर तो. मग जिल्ह्याचं गॅझेटियर, जुनी वर्तमानपत्रं, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका असा छापील आधार शोधा आणि तो देऊन दोन परिच्छेद लिहा. आधार नसलेली वाक्यं इतर संपादक काढून टाकतात, त्याचा राग मानायचा नाही. मुलाने स्वतः काढलेला देवळाचा, बंधाऱ्याचा फोटो विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या संग्रहावर चढवता येतो, फक्त त्यात माणसांचे चेहरे नकोत आणि खातं टोपणनावाने काढायचं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या मोफत नकाशावर आपल्या वाडीचा रस्ता, शाळा, दवाखाना अशी ठिकाणं नोंदवता येतात. मशीनला भारतीय भाषा शिकवणाऱ्या सरकारच्या भाषिणी प्रकल्पाच्या ‘भाषादान’मध्ये मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो. तो पालकांच्या खात्यातून, पालकांसमोर द्यावा, आणि आजीला आधी बसवावं. ती जशी बोलते तशी मराठी मशीनच्या कानावर फारशी पडलेली नाही.